अभ्यास करताना मागे काय लावावं? (प्लेलिस्ट नको, कारणं सांगा)

हेडफोनवाला

परीक्षा जवळ आल्या की 'अभ्यासासाठी कोणतं संगीत चांगलं' हा प्रश्न येतो आणि उत्तरादाखल चाळीस लिंका पडतात. या धाग्यावर लिंका नकोत. आधी अभ्यास कोणता ते बघा, मग काय वाजवायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

वाचताना, पाठ करताना, आकडे ध्यानात ठेवताना आपण मनातल्या मनात उच्चार करत असतो. बाहेरून शब्द कानावर आले की ते नेमके तिथेच घुसतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, त्यामुळे 'मी गाण्याकडे लक्षच देत नाही' म्हणून भागत नाही. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी लोकांना अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि मागे जर्मन उताऱ्याचं वाचन लावलं. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. पुढे १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी संगीत घेऊन हेच तपासलं. गायलेल्या गाण्याने सगळ्यात जास्त घोळ, वाद्यसंगीताने त्याहून कमी, आणि एकसारख्या खरखरीने काहीच नाही.

म्हणून माझी वाटणी अशी. सनावळ्या, कलमं, आवर्तसारणी, श्लोक असं क्रमाने पाठ करायचं असेल तर संगीत बंद. नवा धडा पहिल्यांदा वाचताना फार तर शब्द नसलेलं, संथ काहीतरी. निबंध किंवा उत्तरलेखन असेल तर शब्द अजिबात नकोत, कारण तिथे वाक्यं मनातच जुळवायची असतात. जर्नल उतरवणं, आकृत्या काढणं, नकाशे भरणं, नोट्स सुवाच्य करणं ही हातकामं. तिथे लावा काय हवं ते, लावणीसुद्धा चालेल.

हातचा

वाटणी पटली, पण गणिताचं राहिलं. तिथे दोन वेगळी कामं असतात. पन्नास वेळा सोडवलेल्या प्रकाराचं एक्कावन्नावं उदाहरण करताना हात आपोआप चालतो, तिथे संगीताने कंटाळा कमी होतो. पण तोंडी आकडेमोड करताना हातचा धरून ठेवायचा असतो आणि तो धरला जातो मनातल्या उच्चारातच. गाण्यात 'दोन', 'चार', 'हजार' असलं काही आलं की हातचा गेला. लेखाकर्माच्या नोंदी आणि ताळमेळ करतानाही हीच गत. रेडिओ लावून जमाखर्च लिहिणाऱ्याच्या रकमा बघा, निवेदक जे आकडे बोलला त्यातला एखादा रकान्यात सापडतो.

नव्या प्रकारचं उदाहरण, सिद्धता, भूमितीतली रचना शोधणं: तिथे शांतताच.

अर्धवट_झोप

पण आवडीचं गाणं असलं की मन लागतं, हे तर खरं ना? नावडतं संगीत त्रास देणार, आवडतं का देईल?

हेडफोनवाला

@अर्धवट_झोप, पेरहॅम आणि विझार्ड यांनी २०११ मध्ये हेच तपासलं होतं. क्रमाने लक्षात ठेवायच्या कामात आवडतं आणि नावडतं, दोन्ही संगीतांनी सारखंच नुकसान केलं. फरक एवढाच की आवडत्या संगीतात नुकसान होतंय हे जाणवत नाही. मन रमतं आणि वेळ बरा जातो, त्यालाच आपण 'अभ्यास झाला' समजतो. किती तास बसलो यापेक्षा किती पानं आठवतात ते मोजा.

आवडत्या गाण्याचा उपयोग आहे, पण तो बसण्याआधी. दहा मिनिटं हवं ते मोठ्याने ऐका, बंद करा आणि पुस्तक उघडा. का, ते कुणीतरी मोझार्टच्या निमित्ताने सांगेलच. ते नाव आल्याशिवाय असला धागा संपत नाही.

जुनी_कॅसेट

आलंच म्हणायचं. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये राउशर, शॉ आणि काय (Ky) या तिघांचा एक पानाचा लेख आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी, मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा १० मिनिटं ऐकवला, मग कागदाच्या घड्या आणि कापण्या डोळ्यांसमोर आणण्याची चाचणी. गुण थोडे वाढले आणि तो परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. यात अभ्यास करताना मागे मोझार्ट लावलाच नव्हता, आधी लावला होता. तरी बातमी अशी पसरली की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला.

२००१ मध्ये टॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी गुंता सोडवला. तोच आनंदी, जलद मोझार्ट ऐकवून गुण वाढले. अल्बिनोनी या संगीतकाराचा संथ, उदास तुकडा ऐकवून वाढले नाहीत. आणि तरतरी व मनःस्थिती यांचा हिशेब वजा केला तर मोझार्टचा म्हणून काही परिणाम उरलाच नाही. म्हणजे काम करते ती तरतरी. ती चहानेही येते.

सम_गाठली

आता आपल्याकडच्या संगीताबद्दल. 'शास्त्रीय लावा, शांत असतं' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

पहिली गोष्ट, वाद्यसंगीत म्हणजे शब्द नाहीत असं नाही. बासरीवर अभंग, सॅक्सोफोनवर जुनी सिनेगीतं, सतारीवर नाट्यपद: चाल ओळखीची असली की शब्द तुम्हीच मनात म्हणता. याला गाणंच समजा. बंदिश पाठ असलेल्यांना गायकी अंगाने वाजवलेली गतही तशीच.

दुसरी, मैफिलीचं ध्वनिमुद्रण एकाच चालीने जात नाही. सतार-सरोदाचा राग आलापाने सुरू होतो: ताल नाही, सूर लांब, मध्ये मोकळी जागा. इथपर्यंत वाचन छान चालतं. मग जोड येतो, लय बांधली जाते. मग 'झाला' हा जलद भाग येतो, चिकारीच्या म्हणजे ठेका धरणाऱ्या बाजूच्या तारांचा मारा सुरू. मग तबला, गत म्हणजे तालात बांधलेली धून, सवालजवाब आणि शेवटी टाळ्या. तासाभराच्या मुद्रणातला अभ्यासाच्या कामाचा भाग बहुधा सुरुवातीचाच. तेवढाच कापून ठेवा. जाहीर मैफिलीपेक्षा स्टुडिओतलं मुद्रण घ्या. मैफिलीत 'वाह', 'क्या बात है' आणि खोकले असतात, आणि माणसाचा आवाज आला की कान टवकारलेच.

तिसरी, कान तयार असलेल्यांना ताल फार घातक. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं आणि तालीम घेतलेला माणूस सगळं मिनिट समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत बसतो. तबला शिकणाऱ्या मुलांना तबला असलेलं काहीही अभ्यासाला देऊ नये, ती मात्रा मोजतात. ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याला तेच मुद्रण निवांत वाटतं. म्हणून एकाची प्लेलिस्ट दुसऱ्याला लागू पडत नाही.

वाद्यांत रुद्रवीणेचा ध्रुपद आलाप उत्तम: खर्जातला, संथ, अचानक काही नाही. बासरी ठीक, पण तार सप्तकात गेली की टोचते. संतूरचे आघात मोजले जातात. सारंगी टाळा. ती माणसासारखी गाते, हा तिचा गुण इथे दोष ठरतो.

ओसरी

आलापाऐवजी नुसता तंबोरा लावला तर? अ‍ॅपमध्ये पट्टी, गती असं बरंच काही असतं, काय ठेवायचं?

सम_गाठली

@ओसरी, माझ्या मते तंबोरा सगळ्यात चांगला. चार तारा, पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, हेच सतत फिरत राहतं. चाल नाही, ताल नाही, वाट बघण्यासारखं काही नाही.

पट्टी, म्हणजे मूळ षड्ज, खालची ठेवा, पेटीची काळी एक किंवा त्याच्याही खाली. काळी चार-पाचचा तंबोरा तासभर ऐकला की कानाला लागतो. गती मंद, चारही तारांचं एक आवर्तन साधारण पाच-सहा सेकंदांत. पहिली तार पंचमालाच ठेवा. निषाद लावला तर तो षड्जाकडे ओढतो आणि कान ती ओढ पूर्ण व्हायची वाट बघतो. मारव्यासारख्या रागात तेच हवं असतं, इथे नको. जवारी, म्हणजे तारेची झणझण, खूप खुली असेल तर झणझणाट फार, ती थोडी बंद करा.

घोळ होतो तो फुकटच्या अ‍ॅपमध्ये. छोटा तुकडा कापून तोच फिरवतात आणि जोडाच्या ठिकाणी बारीकसा 'टक' येतो. एकदा ऐकू आला की नंतर दर वेळी ऐकू येतो. हेडफोन लावून दोन मिनिटं लक्ष देऊन ऐका. टक आला तर ते अ‍ॅप काढून टाका.

अवांतर: मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसून अभ्यास करायचा तर वाजवायला माणूस ठेवावा लागेल!

खरखर

एकसारख्या आवाजाबद्दल कुणी खोलात गेलं नाही. व्हाइट, पिंक, ब्राउन ही नावं ऐकून लोक रंग निवडतात तसे निवडतात. फरक असा: व्हाइट नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला सारखी ऊर्जा, म्हणून कानाला तीक्ष्ण, टीव्हीला सिग्नल नसतानाच्या खरखरीसारखा. पिंकमध्ये दर सप्तकाला ३ डेसिबल घट, भर पावसासारखा. ब्राउनमध्ये ६ डेसिबल घट, लांबच्या धबधब्यासारखा घुमणारा. ब्राउनचा रंगाशी संबंधच नाही, तो ब्राउनियन गतीवरून आला.

लोकांना ब्राउन सगळ्यात सुखद वाटतो. पण शेजारच्या खोलीतलं बोलणं झाकायचं असेल तर तो कुचकामी. बोलणं कळतं ते मुख्यतः ५०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, व्यंजनं तर वरच्या टोकाला, आणि तिथे ब्राउनमध्ये दमच नसतो. तिथे पिंक लावा. रस्त्यावरची घरघर झाकायला ब्राउन. शिवाय मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे आवाज निघतच नाहीत. लोक आवाज वाढवत नेतात आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. मोबाइलच्या स्पीकरवर पिंकच.

घरी बनवायचा तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. जनरेट मेनूत नॉइज, प्रकार पिंक, अँप्लिट्यूड ०.२, अवधी ५० मिनिटं. टोचत असेल तर वरचे आवाज कापणारा लो-पास फिल्टर ७००० हर्ट्झच्या आसपास. सुरुवातीला ३० सेकंद फेड इन, शेवटी दोन मिनिटं फेड आउट. ५० मिनिटं अशासाठी की आवाज विरला की उठायचं, गजर लागत नाही. मोनो वेव्ह फाइल सुमारे २६५ एमबी होते, १२८ केबीपीएसची एमपी३ ४८ एमबी. फाइल फिरवत ठेवायची असेल तर एमपी३ नको. एमपी३ करताना पुढेमागे क्षणभराची शांतता चिकटते आणि दर फेरीला तोच 'टक'. फिरवायला वेव्ह किंवा फ्लॅक.

आयफोनवर हे काही करावं लागत नाही. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल आणि तिथे बॅकग्राउंड साउंड्स. पाऊस, समुद्र, ओढा, तीन प्रकारचे नॉइज, एकदा उतरवले की सगळं नेटशिवाय.

आणि पावसाचे आवाज घेताना गडगडाट असलेलं मुद्रण घेऊ नका. वीज कडाडली की धडा विसरला.

पेठेतली_अभ्यासिका

अभ्यासिकेत बसणाऱ्यांसाठी काही मुद्दे.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंखा, एसी, बसचं इंजिन असले खालचे, सलग आवाज छान कापतात. बोलणं तितकं कापत नाहीत. उलट पंख्याची घरघर गेल्यामुळे पलीकडच्या टेबलावरची कुजबुज जास्त स्पष्ट होते आणि लोक म्हणतात, हेडफोन बिघडला. बिघडलेला नसतो. त्यावर अगदी हळू पिंक नॉइज सोडा.

सगळ्यात त्रासाचं म्हणजे शेजारच्याचं फोनवरचं बोलणं. दोघांच्या गप्पांपेक्षा एकच बाजू ऐकू येणं जास्त छळतं, कारण दुसरी बाजू आपण मनात भरत बसतो. त्यावर संगीत हा उपाय नाही, जिन्यात जाऊन बोला म्हणणं हा आहे.

फोमचे इअरप्लग स्वस्त आणि कमी लेखले गेलेले. लोक नुसते कानात कोंबतात. बोटांत वळून बारीक सुरळी करा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि २०-३० सेकंद बोटाने दाबून धरा, म्हणजे आतल्या आत फुगते. घामट हातांनी वळू नका. मळले की टाका.

तुमचा आवाज बाहेर किती जातो ते बघायला इअरफोन काढून हातभर लांब धरा. चाल ओळखू येत असेल तर ती शेजारच्यालाही ओळखू येते आहे.

डेसिबल

आवाज किती ठेवायचा हे कुणी बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांना ७५ डेसिबल, तेवढेच तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. स्पर्धा परीक्षेवाले रोज आठ तास इअरफोन लावून बसतात, म्हणजे आठवड्याला ५६ तास. ८० डेसिबलसुद्धा त्यांना जास्त होतो.

अभ्यासाला एवढा आवाज लागतच नाही. हेडफोन लावलेले असताना दोन हातांवरच्या माणसाने साध्या आवाजात नाव घेतलं तर कळलं पाहिजे. दुपारच्या रहदारीत ठेवलेली पातळी रात्री तशीच राहते, तेव्हा रात्री बसताना दोन घरं खाली आणा. अ‍ॅपमध्ये सगळ्या ट्रॅकचा आवाज समान ठेवायची सोय असते, ती चालू करा. नाहीतर एक ट्रॅक कुजबुजतो, पुढचा ओरडतो. ऑटोप्ले बंद. फाइल आधीच उतरवून ठेवा आणि विमान मोड लावा. पुनरावृत्तीच्या ऐन मध्यात सिमेंटची जाहिरात ऐकण्यात काही हशील नाही.

अर्धवट_झोप

लो-फाय बीट्सचं काय? आणि कॅफेचा आवाज? बायनॉरल बीट्स? सगळं एकदमच विचारतो.

खरखर

लो-फाय: मिनिटाला साधारण ७० ते ९० ठोके, वरचे सूर कापलेले, तेच चार ठोके फिरत असतात. हातकामाला छान. त्यात मधूनच जुन्या सिनेमातला संवाद पेरलेला असतो, असे ट्रॅक गाळा. अखंड चालणारं थेट प्रक्षेपण नको, वेळेचं भान जातं, आणि बाजूला गप्पांचा फलक सरकत असतो तो वेगळाच. पडदा बंद करून नुसता आवाज.

कॅफे: मेहता, झू आणि चीमा यांचा २०१२ चा प्रयोग लोक हवाला म्हणून देतात. ५० डेसिबलच्या तुलनेत ७० डेसिबलच्या गलक्यात लोकांची कल्पकता वाढली, ८५ ला घसरली. पण ते काम सुचण्याचं होतं, पाठांतराचं नव्हतं. निबंधाचे मुद्दे काढताना लावून बघा, लिहायला बसलात की बंद करा.

बायनॉरल: एका कानात २०० हर्ट्झ, दुसऱ्यात २१०, मेंदूला १० चा ठोका जाणवतो. ही गंमत डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच टिपली होती. एकाग्रता वाढण्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पैसे देऊन घेऊ नका. आणि स्पीकरवर किंवा फोनची मोनो सोय चालू ठेवून ऐकलं तर ती दोन कानांतली करामत होतच नाही, 'लाभ झाला' म्हणणाऱ्यांना हे आधी विचारा.

जुनी_कॅसेट

काम करताना मागे संगीत लावणं कारखान्यांतही चालायचं. बीबीसीने १९४० मध्ये कामगारांसाठी अर्ध्या तासाचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला, तो १९६७ पर्यंत चालला. त्यात एका गाण्यावर बंदी होती, कारण टाळ्यांच्या जागी कामगार हातातली अवजारं आपटायचे. अमेरिकेत म्युझॅक कंपनी पंधरा मिनिटं संगीत, पंधरा मिनिटं शांतता असा क्रम ठेवायची. हे सगळं एकसुरी हातकामासाठी. तिथला सल्ला लक्ष्मीकांत (स्पर्धा परीक्षेचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक) वाचायला बसणाऱ्याने घेऊ नये, पण मधली शांतता मात्र उचलावी.

हातचा

एवढं वाचून कुणी गोंधळला असेल तर स्वतःवर तपासा. जुन्या प्रश्नपत्रिकांतले वस्तुनिष्ठ प्रश्न घ्या, एकाच विषयाचे, वीस-वीसचे बारा गठ्ठे. रोज दोन, ठरलेल्या वेळेला. प्रत्येक गठ्ठ्याआधी २५ मिनिटं त्यावरचं वाचन. संगीत की शांतता ते नाणं उडवून. सहा-सहा झाले की ती बाजू बंद. प्रश्न सोडवताना मात्र दोन्ही वेळा शांतता. गुण आणि लागलेला वेळ, दोन्ही लिहा. 'आज मूड होता म्हणून संगीत' असं केलंत तर चाचणी वाया, कारण मग मूडच मोजला जातो. वीसपैकी एका गुणाचा फरक काही सांगत नाही. सरासरीत तीनाचा पडला तर मनावर घ्या.

परीक्षेच्या खोलीत तंबोरा नसतो. शेवटचे तीन आठवडे सराव पेपर पूर्ण शांततेत किंवा नुसत्या पंख्याखाली द्या.

ओसरी

आमच्या पंख्याचा आवाज एकसारखा नाही, दर फेरीला 'कट-कट' होतं. त्यावर पिंक नॉइज चालेल का?

खरखर

@ओसरी, नाही. ठरावीक अंतराने येणारा ठोका एकसारख्या आवाजातूनही वर येतो आणि मग तुम्ही फेऱ्या मोजता. वीज बंद करून पात्यांचे स्क्रू आवळा, वरची वाटी दांडीला घासते का बघा, हुकातला रबर झिजलाय का तेही बघून घ्या.